पाच दिवस झाले तरी ताप उतरत नाही? कावासाकी आजार आणि पहिल्या दहा दिवसांतले निर्णय

पावसाळा संपत आला की अमरावती आणि अकोल्यातले लहान मुलांचे दवाखाने तापाच्या लेकरांनी भरून जातात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, व्हायरल अशी नावं आपल्या मोहल्ल्यात प्रत्येक घरानं ऐकलेली आहेत. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, तेव्हापासून तेही नाव या यादीत आलं. यातला बराचसा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, लेकरू खेळायला लागतं आणि घरचे शुक्र अदा करून मोकळे होतात.

याच गर्दीत एक वेगळा आजार लपून येतो. तो क्वचित होतो, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि सुरुवातीला साध्या तापासारखाच दिसतो. औषध दिलं नाही तरी साधारण दोन आठवड्यांत ताप आपोआप जातो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की पोरगं बरं झालं. पण उपचार न मिळालेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांना, म्हणजे कोरोनरी धमन्यांना, इजा झालेली असते. वेळेवर उपचार मिळाले तर हेच प्रमाण शंभरात चार-पाच मुलांवर येतं. या आजाराचं नाव कावासाकी. ताप सुरू झाल्यापासून पहिल्या दहा दिवसांत काय होतं, यावर यात फार काही अवलंबून असतं. म्हणून या लेखात त्या दहा दिवसांबद्दलच लिहिलं आहे.

आजार नेमका काय आहे

आपल्या शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा कधी कधी भडकते आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. वाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. कावासाकीत ही सूज मधल्या आकाराच्या धमन्यांना येते आणि सगळ्यात जास्त धोका कोरोनरी धमन्यांना असतो. लहान लेकराची ही नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. सुजेमुळे भिंत कमजोर झाली की नळी फुग्यासारखी फुगते. त्या फुगवट्यात रक्त रेंगाळतं, गुठळी होऊ शकते, आणि मग जो हार्ट अटॅक आपण म्हाताऱ्या माणसांचा समजतो तो लहान मुलालाही येऊ शकतो.

जपानचे बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलात ही लक्षणं पहिल्यांदा पाहिली. तशी ५० मुलं गोळा झाल्यावर १९६७ मध्ये त्यांनी जपानी भाषेत लेख लिहिला. १९७४ मध्ये तो इंग्रजीत आला आणि जगाला या आजाराची ओळख झाली. डॉ. कावासाकी २०२० मध्ये ९५व्या वर्षी वारले, पण आजाराचं मूळ कारण अजून सापडलेलं नाही. एखाद्या जंतुसंसर्गानंतर, अंगात तशी प्रवृत्ती असलेल्या मुलांत तो सुरू होत असावा असं मानलं जातं. तो एका मुलापासून दुसऱ्याला लागत नाही. आईच्या खाण्यापिण्यानं, दुधानं किंवा घरातल्या कोणाच्या चुकीनं होत नाही. म्हणून सुनेला बोल लावायचं कारण नाही आणि भावंडांना वेगळं ठेवायचीही गरज नाही.

आपल्या देशातही तो दिसतो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या बालरोग विभागानं अनेक वर्षं अशा मुलांवर उपचार करून भारतात हा आजार आहे हे दाखवून दिलं. जिथे डॉक्टर तो शोधतात तिथे तो सापडतो.

कोणती लक्षणं पाहायची

पहिलं लक्षण ताप. हा ताप चांगलाच चढतो, बहुधा १०२-१०३ च्या पुढे. पॅरासिटामॉलनं दोन-चार तास उतरतो आणि परत येतो. अँटिबायोटिक सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी फरक पडत नाही. लेकरू इतकं चिडचिडं होतं की कोणाच्याच कडेवर राहत नाही.

तापासोबत डॉक्टर पाच गोष्टी शोधतात.

१. दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडं किंवा पू येत नाही.

२. ओठ लालभडक होतात, सुकतात, चिरतात. जीभ लाल आणि दाणेदार, स्ट्रॉबेरीसारखी दिसते.

३. अंगावर पुरळ येते. ती एकाच ठरलेल्या प्रकारची नसते. लंगोट बांधतात त्या जागी ती जास्त दिसू शकते.

४. हाताचे तळवे आणि पाय लाल होतात, सुजतात. लेकरू पाय टेकत नाही, हातात वस्तू धरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते.

५. मानेत, बहुधा एकाच बाजूला, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ येते.

पाच दिवसांचा ताप आणि या पाचपैकी चार लक्षणं असली तर कावासाकीचं निदान होतं. सगळी लक्षणं अगदी स्पष्ट असली तर अनुभवी डॉक्टर चौथ्या दिवशीही निदान करतात.

आपल्याकडे आणखी एक खूण कामी येते. जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजीची लस दिलेली असते, तिचा व्रण राहतो. कावासाकीत काही लहान मुलांचा हा जुना व्रण अचानक लाल होऊन फुगतो. असं दिसलं तर डॉक्टरांना नक्की दाखवा. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

अडचण ही की सगळ्या मुलांत पूर्ण लक्षणं येत नाहीत. काहींमध्ये दोन किंवा तीनच दिसतात. एक वर्षाच्या आतल्या बाळांत असं जास्त होतं, आणि त्यांच्याच धमन्यांना धोकाही जास्त असतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कारण न सापडणारा ताप सात दिवस राहिला, तर बाकी एकही लक्षण नसलं तरी रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, करावी असा वैद्यकीय सल्ला आहे. पण इतक्या लहान बाळाला ताप आला तर सात दिवस घरी थांबायचं नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ताप दिसताच त्याच दिवशी दाखवावं.

दिवस कुठे निघून जातात

समजा, दर्यापूरजवळच्या गावातलं अडीच वर्षांचं लेकरू आहे. सोमवारी ताप आला, गावातल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. बुधवारी ताप तसाच, मग अँटिबायोटिक सुरू झालं. गुरुवारी अंगावर पुरळ आली. औषधाची रिॲक्शन असेल म्हणून औषध बदललं. शुक्रवारी डोळे लाल झाले, म्हणून डोळ्यांत थेंब टाकले. शनिवारी लघवीच्या तपासणीत पस सेल्स निघाल्या आणि लघवीचं इन्फेक्शन म्हणून सुई सुरू झाली. रविवारी पुरळ गेली, डोळे निवळले, पण ओठ फाटले आणि पाय सुजले. मंगळवारी घरचे लेकराला घेऊन अमरावतीला पोहोचले, तो तापाचा नववा दिवस होता.

या गोष्टीत कोणी निष्काळजी नाही. प्रत्येक डॉक्टरनं त्या दिवशी समोर जे लक्षण होतं त्यावर औषध दिलं. पण कावासाकीची लक्षणं एकाच दिवशी रांगेत उभी राहत नाहीत. एक येतं, जातं, मग दुसरं येतं. पुरळ गेली की ती होती हे नव्या डॉक्टरला कळणार कसं? लघवीतल्या पस सेल्ससुद्धा कावासाकीत जंतूंशिवाय दिसू शकतात. मानेतली गाठ साध्या इन्फेक्शनची वाटते. सगळी लक्षणं सुरुवातीपासून पाहिलेली व्यक्ती एकच असते, ती म्हणजे आई, किंवा घरात लेकराजवळ बसणारी दादी-नानी.

म्हणून दवाखान्यात डॉक्टरांसमोर तिला बसवा. बरेचदा आत बोलायला अब्बू किंवा चाचा जातात आणि लेकराचं सगळं माहीत असलेली बाई बाहेर बाकावर बसलेली असते. तापाची तारीख, पुरळ कोणत्या दिवशी आली आणि कधी गेली, हे तिला विचारल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही.

तापाचा कागद आणि मोबाईलमधले फोटो

घरात एक साधा थर्मामीटर ठेवा. हात लावून ‘अंग गरम आहे’ म्हणणं पुरेसं नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर असेल तर ताप समजा. ताप पहिल्यांदा आला तो पहिला दिवस. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आकडा, वेळ आणि दिलेलं औषध एका कागदावर लिहा. औषधानं काही तास उतरला तरी त्या दिवशी ताप आला होता, म्हणून तो दिवस मोजायचा.

डोळे, ओठ, जीभ, पुरळ, हातपाय यांचे फोटो उजेडात काढून ठेवा. मोबाईलमध्ये तारीख आपोआप येते. दवाखाना बदलला तर जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि औषधांच्या बाटल्या सोबत न्या.

आणि पाचव्या दिवशी डॉक्टरांना अदबीनं एक प्रश्न विचारा: “डॉक्टरसाहेब, ताप पाच दिवस झाला, ही लक्षणं येऊन गेली, हा कावासाकी असू शकतो का?” या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याचं कारण कळेल, आणि ‘असू शकतो’ असेल तर तपासण्या त्याच दिवशी सुरू होतील.

लेकरू सुस्त पडलं, श्वास जोरात चालू लागला, हातपाय थंड पडले, लघवी बंद झाली, झटका आला किंवा ते काहीच पीत नसलं, तर मात्र दिवस मोजत बसू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

गोवर, डेंग्यू की आणखी काही?

लाल डोळे, ताप आणि पुरळ म्हटलं की आपल्याकडे आधी गोवर आठवतो, आणि ते चूक नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडी भागात, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली होती. गोवरात खोकला आणि नाक-डोळ्यांतून पाणी फार येतं, पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरते. कावासाकीत डोळे बहुधा कोरडेच लाल असतात.

डेंग्यूत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. कावासाकीत बहुधा पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, सीआरपी आणि ईएसआर ही सूज दाखवणारी तपासणी चांगलीच वर जाते आणि दुसऱ्या आठवड्यात प्लेटलेट खूप वाढतात. स्क्रब टायफसमध्ये अंगावर कुठेतरी काळी खपली सापडू शकते आणि योग्य औषधानं ताप एक-दोन दिवसांत उतरू लागतो. यातलं एकही चिन्ह शंभर टक्के पक्कं नाही. कावासाकी सिद्ध करणारी एकच अशी रक्ततपासणीही नाही. लक्षणं, रक्त, लघवी आणि इको यांची गोळाबेरीज करून डॉक्टर ठरवतात.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. पहिल्या आठवड्यात इको नॉर्मल आला म्हणून कावासाकी नाही असं ठरत नाही. फुगवटा नंतर दिसू शकतो. बाकीचं चित्र जुळत असेल तर नॉर्मल इको असूनही डॉक्टर उपचार सुरू करतात, आणि ते बरोबर आहे.

कोरोनानंतरचा जुळा आजार

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी अमरावतीत जाणवली. अमरावती आणि अचलपूर शहरांत लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले. त्या काळात कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा तेज ताप, लाल डोळे आणि पुरळ येऊ लागली. याला एमआयएस-सी म्हणतात. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात २०२० मध्येच अशी मुलं आली होती.

दोन्ही आजार दिसायला सारखे, पण एमआयएस-सी जास्त करून शाळेच्या वयातल्या मुलांना झाला. त्यात पोटदुखी, उलट्या आणि जुलाब फार असतात आणि रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आता तो बराच कमी झाला आहे. तरीही मुलाला महिना-दीड महिन्यापूर्वी कोरोना किंवा तसा सर्दी-ताप झाला असेल, तर डॉक्टरांना तेवढं सांगा.

उपचाराचा मोठा निर्णय: आयव्हीआयजी

कावासाकीचं मुख्य औषध म्हणजे आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातला पातळ भाग गोळा करून, शुद्ध करून त्यातल्या रोगप्रतिकारक घटकांपासून ते बनतं. १९८४ मध्ये जपानी आणि १९८६ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की यामुळे धमन्या फुगण्याचं प्रमाण बरंच घटतं. तेव्हापासून जगभर हाच पहिला उपचार आहे.

डोस वजनावर ठरतो, एका किलोला दोन ग्रॅम. लेकरू १२ किलोचं असेल तर २४ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या पाच बाटल्या. हे औषध सलाईनसारखं १० ते १२ तास हळूहळू चालतं. थंडी वाजली, ताप चढला, डोकं दुखलं तर नर्सला लगेच सांगा, वेग कमी करतात. ते देऊन झाल्यावर पुढच्या आठवड्याभरात लेकरू पांढरंफटक पडलं किंवा लघवी काळपट-लाल झाली तर पुन्हा दाखवा, कारण क्वचित रक्तपेशी फुटतात.

हे औषध निदान होताच आणि तापाच्या पहिल्या दहा दिवसांत द्यायचं असतं. खर्च पाहून घरचे म्हणतात, “दोन दिवस पाहू, ताप उतरला तर नाही द्यावं लागणार.” इथेच फसगत होते. ताप तर आपोआपही उतरतो. औषध तापासाठी नाही, धमन्या वाचवण्यासाठी आहे. मोठे भाऊ हैदराबादहून येईपर्यंत, किंवा शेतमालाचे पैसे सुटेपर्यंत थांबायला इथे जागा नसते.

दहा दिवस उलटून गेले असतील तर? तरीही न्या. ताप चालूच असेल किंवा सूज दाखवणाऱ्या तपासण्या वाढलेल्या असून धमन्या फुगलेल्या दिसत असतील, तर दहाव्या दिवसानंतरही आयव्हीआयजी देतात. ताप पूर्ण गेला असेल आणि रक्त नॉर्मल असेल, तरी इको आणि ॲस्पिरिनचा निर्णय बाकी असतो.

औषध देऊनही ताप परत आला तर

शंभरातल्या दहा ते वीस मुलांना पहिला डोस पुरत नाही. सलाईन संपल्यापासून ३६ तासांनंतरही ताप राहिला किंवा परत आला, तर त्याला पहिल्या डोसला दाद न देणारा कावासाकी मानतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘घरी सोडा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. घरी आल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन झाकू नका, आधी आकडा लिहा आणि फोन करा.

अशा वेळी डॉक्टर आयव्हीआयजीचा दुसरा डोस, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध यातून निवड करतात. लेकरू फार लहान असेल किंवा पहिल्याच इकोत धमनी फुगलेली असेल, तर सुरुवातीपासूनच आयव्हीआयजीसोबत स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडचं नाव ऐकून घाबरू नका. ते ठरावीक दिवस, मोजून आणि हळूहळू कमी करत देतात. आपल्या मनानं मध्येच बंद करायचं नाही.

घरी आल्यावर: ॲस्पिरिन, इको आणि लस

लहान मुलांच्या तापात ॲस्पिरिन देत नाहीत, हे खरं आहे. कावासाकी हा त्यातला अपवाद आहे. ताप उतरल्यावर रक्त गोठू नये म्हणून कमी डोसची ॲस्पिरिन साधारण सहा ते आठ आठवडे रोज एकदा देतात. या काळात आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्यामुळे ॲस्पिरिनचा उपयोग कमी होतो. घरात कोणाला कांजण्या किंवा फ्लू झाला तर डॉक्टरांना लगेच कळवा. ॲस्पिरिन चालू असताना हे आजार झाले तर यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा एक गंभीर त्रास क्वचित होतो.

इको निदानाच्या वेळी, मग साधारण दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी करतात. लेकरू धावतंय, खातंय म्हणून तिसरा इको चुकवू नका. तो नॉर्मल आला तर ॲस्पिरिन बंद होते आणि मूल इतर मुलांसारखं शाळेत जातं, क्रिकेट खेळतं. धमनी थोडी फुगलेली असली तर बऱ्याच मुलांत एक-दोन वर्षांत ती पूर्ववत होते. फुगवटा मोठा असला तर औषध पुढे चालू ठेवावं लागतं आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे कायम जावं लागतं.

लसीबद्दल. आयव्हीआयजीनंतर गोवर-रुबेला आणि कांजण्यांची लस ११ महिने पुढे ढकलतात, कारण औषधातल्या घटकांमुळे लस नीट लागत नाही. पोलिओ आणि बाकीच्या लसी ठरल्या वेळी द्यायच्या. ११ महिन्यांनंतरची तारीख लसीच्या कार्डवर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आशाताईंना दाखवा. पुढे ढकललेली लस विसरून जाऊ नये. जवळपास गोवराची साथ आली तर काय करायचं, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

कुठे जायचं, खर्चाचं काय

सगळ्यात आधी आपले बालरोगतज्ज्ञ. तिथून अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. अमरावतीत इर्विन म्हणून ओळखलं जाणारं जिल्हा सामान्य रुग्णालय आणि डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्यापुढे नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून फोन करून विचारून घ्या: लहान मुलाच्या कोरोनरी धमन्या मोजणारा इको आज होईल का, आणि आयव्हीआयजी उपलब्ध आहे का? या दोन प्रश्नांनी एक दिवस वाचतो. नेताना संदर्भ चिठ्ठीवर तापाचा पहिला दिवस स्पष्ट लिहून मागा.

खर्चासाठी दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यात हा उपचार त्या रुग्णालयात कसा बसतो, ते तोच सांगू शकतो. योजनेची मोफत हेल्पलाइन १५५३८८ आहे. रेशन कार्ड, आधार आणि लेकराचा जन्मदाखला एका पिशवीत ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही उपचारासाठी अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो. म्हणून मोहल्ल्यातलं बैतुलमाल, जमातीतली जबाबदार माणसं आणि नातेवाईक यांना पहिल्याच दिवशी सांगा. गरजू घराला जकात द्यायला रमजानचीच वाट पाहावी लागत नाही. ज्या मशिदींत आजारी लोकांसाठी निधी आहे, त्यांनी अशा तातडीच्या केसमध्ये रक्कम त्याच दिवशी कशी देता येईल याची सोय आधीच ठरवून ठेवली तर एखाद्या लेकराचे मोलाचे दिवस वाचतील.

दीनच्या बाजूनं पडणारे प्रश्न

“हे दुसऱ्यांच्या रक्तापासून बनलेलं औषध आहे, चालेल का?” हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारतात. जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी गरज असेल तेव्हा रक्त चढवायला उलेमांनी सर्वसाधारणपणे परवानगी दिलेली आहे, आणि आयव्हीआयजी हा त्याच रक्ताचा शुद्ध केलेला भाग आहे.

दुसरा प्रश्न हिपॅरिनचा. धमनीचा फुगवटा फार मोठा असेल तेव्हा ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणारं आणखी एक औषध लागतं. हिपॅरिन आणि त्याच प्रकारची इंजेक्शनं बहुधा डुकराच्या आतड्यापासून बनवतात. डॉक्टरांना पर्याय विचारा. वॉरफॅरिनची गोळी काही मुलांना चालते, पण ती सुरू होऊन लागू पडायला दिवस लागतात. पर्याय नसताना जीव वाचवण्यासाठी जरूरतचा नियम आपल्या फिक्हमध्ये आहे. मुफ्तीसाहेबांना फोन जरूर करा, पण तो उपचारासोबत करा. उत्तर येईपर्यंत औषध थांबवू नका.

दम, दुआ, सदका हे सगळं आपल्या ठिकाणी आहे. शिफा देणारा अल्लाह आहे आणि इलाज करणं हा त्याचाच रस्ता आहे, असं आपले बुजुर्ग सांगत आले. ‘नजर लागली’ म्हणून एका दर्ग्यातून दुसऱ्या दर्ग्यात जाण्यात तीन दिवस गेले, तर ते दिवस या आजारात परत मिळत नाहीत. इमामसाहेबांकडे तापाचं लेकरू दम करायला आणलं, तर त्यांनी एवढंच विचारावं: “ताप किती दिवसांचा आहे?” उत्तर पाच किंवा जास्त आलं, तर दुआ करून थेट लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवावं.

पाच दिवस ताप असलेल्या बहुतेक मुलांना कावासाकी नसतोच. तपासणीत दुसरं कारण सापडेल, त्यावर इलाज होईल आणि लेकरू इन्शाअल्लाह बरं होईल. ज्या थोड्यांना तो असेल त्यांच्यासाठी तापाच्या तारखा लिहिलेला तो साधा कागद कामी येईल. हा लेख माहितीसाठी आहे, औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. घरात लहान मूल असलेल्या नातेवाईकांपर्यंत आणि मदरशा-अंगणवाडीतल्या बाईंपर्यंत ही माहिती जरूर पोहोचवा.